रविवारी बाकावरची जागा रिकामी का?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

"अगं देव मनात असला की झालं, त्यासाठी दर आठवड्याला चर्चला कशाला जायला पाहिजे?" हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी किती जणांकडून ऐकलं त्याची गणतीच नाही. आणि नुसतं बाहेरच्यांकडून नाही हं, बाप्तिस्मा झालेल्या, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ म्हणून दाखवलेल्या आमच्याच माणसांकडून जास्त. दुसरीकडून असंही कानावर येतं की धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब, ती घरात ठेवावी, चार लोकांत कशाला दाखवायची. ही दोन बोलणी वेगळी वाटतात पण शेवटी एकाच जागी येऊन थांबतात, की विश्वास म्हणजे माझ्या एकटीच्या डोक्यातली गोष्ट. मला हे पटत नाही आणि का पटत नाही तेच लिहायला बसलेय. पत्र लांबलंय, कापावं लागलं तर कापा, पण दुसऱ्या शतकातल्या जस्टिनचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

आधी माझंच सांगते. २०२० साली सगळी दारं बंद झाली तेव्हा आमची उपासना मोबाईलवर आली. ती सोय होती म्हणून बरं झालं, नाहीतर ते दिवस निघाले नसते. पण बंदी उठली, लोक परत जायला लागले, आणि मी मात्र जवळजवळ दीड वर्ष गेले नाही. सोडायचं असं मी कधी ठरवलंच नव्हतं, ते आपोआप होत गेलं. सुरुवातीला मी आवरून, पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन स्क्रीनसमोर ताठ बसायचे. मग उपासना चालू असताना कपड्यांच्या घड्या घालायला लागले. मग गाणी पुढे ढकलून फक्त संदेश, म्हणजे प्रवचन, ऐकायचा, तोही वेग वाढवून. मग "आत्ता नको, संध्याकाळी बघू", आणि संध्याकाळी दुसरंच काहीतरी निघायचं. एका रविवारी तर मला रविवार असल्याचंही दुपारी लक्षात आलं. माझी श्रद्धा गेली होती का? नाही. कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे म्हटलं असतं की माझा प्रभु येशूवर विश्वास आहे, आणि ते खोटं नसतं. पण त्या विश्वासाचा दिवसभरात कशाशी संबंध येत नव्हता.

मग आई गेली.

दफनविधीनंतरच्या पहिल्या रविवारी मी चर्चमध्ये गेले, का गेले ते आजही नीट सांगता येणार नाही, घरात बसवत नव्हतं एवढंच. मागून चौथ्या बाकावर कडेला बसले. गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले, मीही राहिले, पुस्तक उघडलं, पण आवाजच फुटेना. आईला आवडायचं ते गीत होतं. शेजारी एक वयस्कर गृहस्थ होते, माझी त्यांची फार ओळख नव्हती, फक्त तोंडओळख. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, काही बोलले नाहीत, आपलं बोट माझ्या पुस्तकातल्या ओळीवर ठेवलं आणि गात राहिले. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर. कडवं संपलं की दुसऱ्या कडव्यावर. त्या बोटाचं नख काळं पडलेलं होतं, आणि मी चारही कडवी त्या नखाकडे बघत काढली. माझ्या तोंडून एक शब्द आला नाही, पण गीत माझ्याभोवती पूर्ण झालं, मला वगळून नाही, मला धरून.

त्या दिवशी मला जे कळलं ते दीड वर्ष स्क्रीनसमोर बसून कळलं नव्हतं. माझा विश्वास ज्या दिवशी उभा राहू शकत नाही त्या दिवशी तो दुसऱ्यांनी धरून ठेवायचा असतो. आणि त्यांचा उभा राहत नाही त्या दिवशी मी. हे घरात एकटीने कसं करणार? मोबाईलवर मी कुणालाही बंद करू शकते आणि मलाही कुणी बघत नसतं. बाकावर तसं नसतं, तिथे माझ्या शेजारी कोण बसणार हे मी ठरवत नाही. ज्यांच्याशी माझं एरवी चार वाक्यांचंही बोलणं झालं नसतं अशा माणसांच्या आजारपणासाठी, नोकरीसाठी, बिघडलेल्या मुलासाठी मी मोठ्याने प्रार्थना करते आणि आठवडाभर ते नाव डोक्यात राहतं.

आता कोणी म्हणेल की खुद्द येशूनेच सांगितलंय ना, प्रार्थना करायची तर खोलीत जा, दार लाव. सांगितलंय, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात. पण त्याच्या पुढेच काही ओळींवर जी प्रार्थना त्याने शिकवली ती नीट म्हणून बघा. "हे आमच्या स्वर्गातील पित्या". माझ्या नाही, आमच्या. रोजची भाकर आमची, क्षमा आम्हाला, परीक्षेतून सोडवणूक आमची. पूर्ण प्रार्थनेत "मी" एकदाही येत नाही. दार लावून एकटं बसलं तरी तोंडात शब्द येतात ते सगळ्यांचे. येशूने झोडलं ते दिखाव्याला, लोकांनी वाहवा करावी म्हणून चव्हाट्यावर उभं राहून केलेल्या प्रार्थनेला, एकत्र जमण्याला नाही. तो स्वतः शब्बाथ दिवशी, म्हणजे यहूदी लोकांच्या विश्रांतीच्या दिवशी, आपल्या रीतीप्रमाणे सभास्थानात (त्यांच्या प्रार्थनास्थळात) गेला असं लूकच्या चौथ्या अध्यायात आहे. "आपल्या रीतीप्रमाणे" म्हणजे सवय होती. मूड लागला म्हणून गेला असं नाही. आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर, काही जणांना एकत्र येणं सोडायची सवय लागलीय तसं तुम्ही करू नका, असं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे हा प्रश्न पहिल्या शतकातही होताच, मोबाईलवर सगळं खापर फोडून चालणार नाही.

"रविवारी एकच सुट्टी मिळते हो" हे कारणही मी खूप ऐकलंय, खूप दिलंयही. पण रविवारची सुट्टी मुळात आली कधी? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवार हा विश्रांतीचा दिवस ठरवला. त्याच्या आधीची जवळजवळ तीनशे वर्षं रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी रविवार म्हणजे कामाचा दिवस. त्यात कितीतरी गुलाम होते, मालकाच्या हुकमाखालचे. मग ते जमायचे कधी? इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं, हा माणूस ख्रिस्ती नव्हता, उलट त्यांची चौकशी करून शिक्षा देणारा होता, आणि त्याने लिहिलंय की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि नंतर पुन्हा साधं जेवण घ्यायला एकत्र येतात. उजाडायच्या आत! बहुधा उजाडल्यावर कामाला जुंपायचं असायचं म्हणून. आजही आखाती देशांत कितीतरी मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, शुक्रवारी भरतात. वार कुठला हा मुद्दाच नाही, ठरलेला आहे का आणि पाळला जातो का हा मुद्दा आहे.

आता जस्टिन. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या या माणसाने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या बाजूने एक निवेदन लिहिलं, त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. शहरातले आणि खेड्यातले सगळे एका जागी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जातात, मग पुढारी बोध करतो, मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर आणि द्राक्षारस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण आमची गेल्या रविवारची उपासना याच क्रमाने झाली होती. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. जस्टिन लिहितो की जे हजर नसतात त्यांच्यासाठी त्या भाकरीतला वाटा सेवकांच्या हाती त्यांच्याकडे पोचवला जातो. आणि ज्यांची ऐपत आहे ते आपल्या इच्छेने देतात, ती जमा पुढाऱ्याकडे राहते, त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले, परके पाहुणे यांना मदत होते.

हजर नसलेल्यांकडे वाटा पोचवला जायचा. आम्ही आता काय पोचवतो? लिंक. लिंक वाईट नाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिचाच आधार असतो, ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण लिंक पाठवली की आपलं काम झालं असं आम्हाला वाटायला लागलंय हे वाईट आहे. त्या काळी भाकर घेऊन जाणाऱ्याला दार वाजवावं लागायचं, आत जावं लागायचं, आजारी माणसाचं तोंड बघावं लागायचं. कोण आलं नाही हे आधी कुणाच्या तरी लक्षात यायला लागायचं! दीड वर्ष मी दिसले नाही आणि मला दर रविवारी न चुकता लिंक आली. दार एकदाही वाजलं नाही. मी तक्रार करत नाहीये, मी तरी कुणाचं वाजवलं होतं?

एकत्र येण्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांच्या सभांवर बंदी घातली, शास्त्राच्या प्रती जाळायचा हुकूम काढला. दुसऱ्या वर्षी आजच्या ट्युनिशियातल्या अबितिना गावी ४९ जण एका घरात उपासनेला जमले म्हणून पकडले गेले आणि त्यांना कार्थेजला नेऊन चौकशी झाली. बंदी असताना यांना घरात का घेतलंस असं विचारल्यावर घरमालक एमेरितुस म्हणाला की ते माझे भाऊ आहेत, मी त्यांना अडवू शकत नव्हतो, आणि रविवारच्या या भक्तीशिवाय आम्ही जगूच शकत नाही. "घरी बसून मनातल्या मनात केली असतीत" असं त्यांनाही सांगता आलंच असतं कोणी, आणि जीवही वाचले असते. त्यांनी छळ सोसला आणि ते मेले.

आणि जपान. तिथे १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, धर्मगुरू हाकलले किंवा मारले गेले. पुढे दोनशेहून जास्त वर्षं. १८६५ च्या मार्च महिन्यात नागासाकीतल्या ओउरा इथल्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावातले काही जण आले आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरू पतीजाँ यांना एका बाईने हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्यासारखंच आहे. सात-आठ पिढ्या, एकही धर्मगुरू नाही! ते टिकले कसे, तर गावागावात त्यांनी कामं वाटून घेतली होती. एक जण सणांचं पंचांग सांभाळायचा आणि कुठला दिवस कधी येतो ते सगळ्यांना सांगायचा, दुसऱ्याकडे बाप्तिस्मा द्यायचं काम, तिसरा घरोघर निरोप न्यायचा. बंदी उठली १८७३ मध्ये. मनातल्या मनात ठेवून तो विश्वास एका पिढीतच संपला असता असं माझं ठाम मत आहे, मूल मनातलं कसं शिकणार? मूल शिकतं ते आईला कुणाबरोबर तरी गुडघे टेकताना बघून.

म्हणून "खाजगी ठेवा" या सल्ल्याला माझा विरोध आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यातलं १८ वं कलम धर्माबद्दल काय म्हणतं बघा, एकट्याने किंवा इतरांबरोबर मिळून, उघडपणे किंवा खाजगीत, शिकवण, आचरण, उपासना यांतून आपला धर्म व्यक्त करण्याचं स्वातंत्र्य. दोन्ही बाजू त्यात मुद्दाम धरल्यात. हे सगळ्याच धर्मांच्या माणसांसाठी आहे आणि माझ्या शेजाऱ्यालाही ते तितकंच आहे हे मी विसरत नाही. उघडपणे म्हणजे कुणाच्या डोक्यावर बसणं नव्हे. आवाज शेजाऱ्यांच्या झोपेत शिरत असेल तर तो कमी करायचा, येणाऱ्यांच्या गाड्या कुणाच्या दारात लागत असतील तर आधी त्या हलवायच्या, कुणाला ऐकायचं नसेल तर गप्प बसायचं. पण ऑफिसात जेवायला बसताना दोन क्षण डोळे मिटून मान खाली घालायला मला लाज का वाटावी? कितीतरी वर्षं मी ते मोबाईल बघतेय असं भासवून करायचे. सोमवारी "काल काय केलं?" असं कोणी विचारलं की "काही नाही, घरीच" म्हणायचे. आता सांगते, उपासनेला गेले होते. त्यानंतर एक सहकारी एकदा बाजूला घेऊन म्हणाली, माझ्या भावाचं ऑपरेशन आहे, तुम्ही लोक जमता तिथे त्याचं नाव घ्याल का? ती ख्रिस्ती नाही. मी लपवत राहिले असते तर तिने कुणाला विचारलं असतं?

आता आमच्या मंडळ्यांबद्दल, कारण सगळा दोष न येणाऱ्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. लोक आळसाने सुटतात तसे दुखावूनही सुटतात. मला असं एक कुटुंब माहीत आहे, कमिटीच्या वादात त्यांच्याबद्दल हिशेबावरून नाही नाही ते बोललं गेलं, पुढे ते खोटं निघालं, पण माफी मागायला कुणी गेलं नाही. ते आज कुठेच जात नाहीत. त्यांना "एकत्र येणं सोडू नका" हे वचन कुठल्या तोंडाने ऐकवायचं? नव्या करारातल्या मंडळ्याही काही आदर्श नव्हत्या, करिंथ शहरात प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) वेळी एक उपाशी आणि दुसरा प्यालेला अशी अवस्था होती, याकोबाला लिहावं लागलं की सोन्याची अंगठी घातलेला आला तर चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बस, असं करू नका. फरक इतकाच की मंडळ्यांना पत्रं लिहिणाऱ्या पौलाने आणि याकोबाने ते झाकलं नाही, तोंडावर सांगितलं. आपणही सांगू या, आणि आधी त्या घरी जाऊन माफी मागू या.

तरुण येत नाहीत म्हणून ओरड असते, त्यावर मला नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला युतुख आठवतो. त्रोवस इथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी सगळे माडीवर जमलेले, पुष्कळ दिवे लागलेले, पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलं आणि खिडकीत बसलेला हा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलला तेव्हा मेलेला होता. आपल्याकडे यावर पहिलं काय बोललं असतं? उपासनेत झोपलाच कशाला, आणि खिडकीत कशाला बसायचं? पौल बोलणं थांबवून खाली उतरला, त्याच्यावर पाखर घालून त्याला कवटाळलं आणि म्हणाला, घाबरू नका, याच्यात जीव आहे. मग वर जाऊन भाकर मोडली. आमच्याकडेही खिडकीत बसलेली कितीतरी मुलं आहेत, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्यांच्यासाठी संदेश मध्येच थांबवून खाली उतरणारं कोणी आहे का हे प्रत्येक पाळकाने (धर्मगुरूने) आणि मंडळीच्या पुढाऱ्यांनी स्वतःला विचारावं, अगदी मनापासून सांगतेय.

माझी सूचना फार मोठी नाही. प्रत्येक मंडळीने एक वही ठेवावी. लागोपाठ तीन रविवार जो दिसला नाही त्याचं नाव त्यात लिहावं आणि त्या आठवड्यात कोणीतरी त्याच्या घरी जावं. फोन नाही, मेसेज नाही, घरी. का आला नाहीत असं विचारायचं नाही, कसे आहात एवढंच विचारायचं, आजारी असतील तर प्रभुभोजन घेऊन पाळकांना जायला सांगायचं. आम्ही गेल्या महिन्यापासून ही वही सुरू केलीय. पहिल्या पानावर सात नावं आहेत. काळ्या नखाचे ते गृहस्थ त्यात तिसरे आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना आता जिना चढवत नाही. पहिल्या दोघांकडे मी जाऊन आले, त्यांच्याकडे उद्या संध्याकाळी जायचंय, गीतांचं पुस्तक सोबत घेऊन.

आपली,
एक वाचक